मुंगीचं वजन

"वाच. मोठ्यानं वाच."

"माझा चष्मा घरी राहिलाय."

"कपाळावर चढवलायस तू तो, ताई."

मावशीनं चष्मा खाली ओढला नाही. खांबाकडे पाठ फिरवून ती दहा किलोचं वजन फडक्यानं पुसू लागली. सकाळीच एकदा पुसून झालं होतं ते.

"बरं, मीच वाचते," धाकटी म्हणाली. "काटा तपासला, अचूक आहे. खाली सही, शिक्का, तारीख. गुरुवारची. आज रविवार. तीन दिवस हा कागद या खांबावर आहे आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? एक माणूस आला, दहा मिनिटं खुडबुड केली, चहा प्यायला आणि गेला. एवढ्या जुन्या काट्यातलं त्याला काय डोंबल कळणार?"

"समितीचे सेक्रेटरी म्हणाले, अडीच तास बसला होता. पेटी भरून स्वतःची वजनं आणली होती त्यानं."

"सेक्रेटरींना काय, काटा चालू राहिला म्हणजे झालं. बस भरभरून माणसं यायला हवीत त्यांना."

"विषय बदलू नकोस. दवाखान्यात तू मला काय म्हणाली होतीस? 'काटा म्हातारा झालाय गं, त्याचा काही भरवसा नाही.' म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले असेन."

"असेन? आठ महिने मी त्या एका वाक्यावर दिवस काढतेय आणि तू म्हणतेस असेन!"

वजन फडक्यातून निसटलं आणि फरशीवर आदळलं. छपरातली कबुतरं एकदम फडफडली.

ही दोघींची वादावादी चालली होती गावच्या जुन्या मंडईत. मंडई म्हणजे आता नावापुरतीच. मावशी लहान होती तेव्हा उजाडायच्या आत इथं गाड्या लागायच्या. लोकरीचे गठ्ठे, धान्याची पोती, बटाट्यांचे ढीग, आणि मधोमध छपराच्या तुळईला टांगलेला हा मोठा काटा. माणसाच्या दुप्पट लांबीची लोखंडी दांडी, साखळ्यांना लटकणारी दोन पारडी, एकेका पारड्यात तीन पोती आरामात बसतील अशी. या काट्यावर दोघींचे वडील मापाडी होते. वजनं घालून झाली की ते दोन पावलं मागे सरायचे आणि हात पाठीमागे बांधायचे. घेणाऱ्यालाही दिसावं, विकणाऱ्यालाही दिसावं की काट्याला कुणाचं बोट लागलेलं नाही. काटा स्थिरावला की आकडा असा पुकारायचे की चौकापलीकडे चपला शिवणारासुद्धा मान वर करायचा.

पुढं बाजार हमरस्त्याला गेला आणि गाव ओस पडलं. गावाजवळ जुनेपणाशिवाय विकण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा गावच्या समितीनं तेच विकायला काढलं. आता रोज, रविवारी जास्तच, बसमधून माणसं उतरतात, घड्याळाच्या मनोऱ्यावर धापा टाकत चढतात, दगडी विहिरीत डोकावून 'अबब' म्हणतात, अरुंद गल्लीतून सुगंधी साबण घेतात आणि जाता जाता मंडईत येऊन स्वतःला तोलून घेतात. तोलल्याचं जाडसर कार्ड मिळतं, वर काट्याचं चित्र, खाली शिक्का.

काटा परत उभा करायचं ठरलं तेव्हा दांडीचा समतोल कसा साधायचा हे ठाऊक असलेली गावात एकच व्यक्ती शिल्लक होती, आणि ती शिंप्याच्या दुकानात बसून काजं-बटणं करत होती. लग्न होऊन मोडलेलं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "दोन्ही पारडी रिकामी होती हो, तोलायचं काय?" समितीनं तिला बोलावलं, ती आली, वडिलांसारखी दोन पावलं मागे सरली, हात पाठीशी बांधले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा आकडा अशी काही ओरडली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला तेरा वर्षं झाली. तिला सगळे मावशीच म्हणत. बसचे ड्रायव्हर मावशी म्हणत, परगावची पोरं मावशी म्हणत, सत्तरीचे सेक्रेटरीही मावशी म्हणत. पण खरीखुरी मावशी ती एकाच जीवाची होती, आणि तो जीव आठ महिन्यांपूर्वी, वयाच्या आठव्या वर्षी, गेला होता.

"मला एवढंच सांग," धाकटीनं आवाज खाली आणला. ती खालच्या आवाजात बोलली की मावशीला जास्त धडकी भरायची. "काटा जर अचूक आहे, तर मुंगीची कार्डं चुकीची कशी?"

मावशीनं पडलेलं वजन उचललं.

"शेवटच्या कार्डावर तेवीस आहे. तुझ्या हातचं. तेवीसखाली तू फूल काढलंयस. आणि सतरा दिवसांनी मोठ्या दवाखान्यात त्यांनी तिला मशीनवर उभं केलं, तर सोळा आणि काहीतरी. मी त्या नर्सशी भांडले, ताई! म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. म्हटलं, माझ्या बहिणीनं तोललंय तिला, मापाड्याच्या लेकीनं. ती बिचारी धावत जाऊन दुसरं मशीन घेऊन आली."

"तू दमली आहेस. घरी जा, आपण उद्या..."

"उद्या नाही."

धाकटी चार वर्षांची असताना आई गेली. मावशी तेव्हा पंधराची. धाकटीच्या वेण्या, शाळेची फी माफ करून घ्यायला हेडमास्तरांपुढे धरलेला हट्ट, लग्नातला शालू, बाळंतपणातली जागरणं, सगळं हिनंच निभावलं. तिला रागावलेली धाकटी चालत होती, रडणारी चालत होती, खोटं बोलणारीसुद्धा चालली असती. तोंड फिरवून निघून जाणारी धाकटी मात्र तिच्या कल्पनेतही बसत नव्हती. म्हणून आठ महिने ती म्हाताऱ्या काट्यावर सगळं ढकलून गप्प राहिली होती. धाकटीच्या नवऱ्यानं समितीकडे तक्रार केली, तपासनीस बोलवा म्हणाला, तेव्हाही गप्पच राहिली. काटा कधीच खोटा नव्हता, हे तपासनीस यायच्या आधी गावात फक्त एकीला माहीत होतं.

"मावशी, बंद झालं का हो?"

कमानीत तिघं उभे होते. घामाघूम झालेली एक धिप्पाड बाई, गळ्यात कॅमेरा अडकवलेला तिचा किडकिडीत नवरा, आणि साबणाच्या पिशव्या सांभाळणारी म्हातारी सासू.

"झालं हो, आज बंद..." मावशी म्हणाली.

"अहो असं काय करता, बस सुटायला अजून वीस मिनिटं आहेत," नवरा म्हणाला. "हिला तेवढं तोलून द्या. हिला कुठल्या बाजूला बसवायचं ते ड्रायव्हरला सांगायचंय."

"तुम्ही गप्प बसा. वारा सुटला की खिडकीची दांडी धरून बसता, आणि मला बोलता!"

"तोल की, ताई," धाकटी म्हणाली. ती पोत्यांच्या जुन्या चौथऱ्यावर जाऊन बसली होती, पर्स मांडीवर. "अचूक काटा आहे आपला. तपासलेला."

आता नाही म्हणायला जागा उरली नाही. मावशीनं पारड्याखाली लाकडी ठोकळा सरकवला, बाईला हात देऊन पारड्यातल्या फळीवर बसवलं, ठोकळा काढून घेतला. पारडं खाली बसलं. समोरच्या पारड्यात एकेक वजन चढू लागलं. सासूनं पिशव्या खाली ठेवल्या. नवऱ्यानं एक डोळा मिटून कॅमेरा रोखला. शेवटचं वजन ठेवल्यावर पारडी हवेत समोरासमोर आली, किंचित डुलली, थांबली. मावशी दोन पावलं मागे सरली. हात पाठीशी बांधले.

तेरा वर्षांत असं दिवसातून साठ-सत्तर वेळा व्हायचं. हात मागे गेले की छाती आपोआप भरायची आणि तोंड आपोआप उघडायचं. तसंच ते आत्ताही उघडलं.

"बहात्तर!"

"ऐका!" बाई पारड्यातच टाळ्या वाजवायला लागली. "ऐकलंत का सासूबाई? घरचं मशीन मेलं चौऱ्याहत्तर दाखवतं! मी म्हणतच होते यांना, मशीन बिघडलंय, मशीन बिघडलंय!"

मावशीचा हात कार्डावर लिहिता लिहिता थांबला. तिनं चौथऱ्याकडे पाहिलं नाही. कार्डावर बहात्तर लिहिलं, शिक्का मारला, तो जरा तिरकाच पडला. तिघं हसत-खिदळत, एकमेकांना ढोसत कमानीतून बाहेर गेले. त्यांचा आवाज चौकात विरला.

"वीसची तीन," धाकटी म्हणाली. "दहाचं एक. दोनची दोन."

"अगं, त्याचं काय आहे..."

"मीही मापाड्याचीच लेक आहे, ताई. बेरीज येते मला."

ठोकळा हातात घेऊन मावशी तशीच उभी राहिली. मग सुरुवात कुठून करावी ते न कळून तिनं फारच लांबून केली. पहिल्या उन्हाळ्यात एक नवी नवरी आली होती. चाळीस माणसांत तिचा आकडा पुकारला. नवरा फिसकन हसला. पोरगी पारड्यातून उतरायलाच तयार होईना, तिथंच तोंड झाकून हुंदके द्यायला लागली. "त्या दिवसापासून बायकांचे दोन कमी करते मी. कुणाचं काय जातंय त्यात? माणसं इथं हौसेनं येतात गं, हसत जावीत. बाबा असते तर त्यांनी मला काट्याला हात लावू दिला नसता. पण बाबा धान्य तोलायचे. धान्य रडत नाही."

"बायकांचे दोन कमी. आणि मुलांचं?"

"मुलांना वाढायचं असतं. त्यांना जरा जास्त सांगते."

"जरा म्हणजे?"

"अर्धा. फार तर एक."

"मुंगीला?"

मावशीनं ठोकळा खाली ठेवला.

मुंगी हे नाव तिनंच ठेवलं होतं. जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढीशी होती. धाकटी मनोऱ्याच्या तिकीट-खिडकीत, धाकटीचा नवरा सहलीच्या बसवर, त्यामुळे रविवार म्हटला की पोर मंडईत. महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहिली बस यायच्या आत, मावशी तिला पारड्यात बसवायची. मुंगी साखळ्या घट्ट धरून, श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहायची. "वाढलं का गं मावशी?" "वाढलं तर! ही मुंगी आता हत्ती होणार!" की पोर कार्ड घेऊन चौकातून सुसाट पळत जायची आणि तिकिटाच्या खिडकीतून ते आईच्या हातात सरकवायची. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर ती कार्डं एकाखाली एक चिकटवलेली होती.

"सांग," धाकटी म्हणाली. "एकेक सांग. शेवटच्या सहांतलं पहिलं कार्ड साडेएकवीस."

"एकवीस होतं."

"दुसरं बावीस."

"साडेवीस. मला वाटलं, आधीच्या महिन्यात अंगात जाड स्वेटर होता, या महिन्यात नाही. म्हणून. आणि आधीच्या कार्डावर साडेएकवीस लिहून बसले होते मी. त्याच्या खालचा आकडा कसा पुकारणार? ती तोंडाकडे बघत होती गं माझ्या."

"तिसरं. बावीसच."

"वीस. तू म्हणालीस, सकाळी दूध न पिता पळाली. म्हटलं, म्हणूनच."

"चौथं. साडेबावीस."

"एकोणीस."

धाकटीनं पर्सचा पट्टा हाताला गुंडाळला, परत सोडला. "चौथं कार्ड घेऊन मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले होते. चारही घेऊन गेले होते. म्हटलं, पोर दमते, दुपारी शाळेत झोपून जाते. त्यांनी कार्डं पाहिली, म्हणाले, वजन चढतंय ना बाई, मग घाबरता कशाला? टॉनिक लिहून दिलं."

"माहीत आहे मला."

"तुला कसं माहीत?"

"तूच सांगितलंस. त्या खिडकीतून हाक मारून सांगितलंस. 'ताई, तुझी कार्डं डॉक्टरांनीसुद्धा वाचली!' हसत होतीस."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. त्यांनी काय बघून मला परत पाठवलं ते ठाऊक होतं."

"होतं."

"तेव्हा बोलायचं होतंस."

"तेव्हा बोलायचं होतं," मावशी म्हणाली. "रात्रभर तुझ्या दारापर्यंत मनानं येत होते. मग वाटलं, पुढच्या महिन्यात भरेल ती. या वयात पोरं अशीच वाळतात आणि अशीच भरतात. एकदा भरली की खरं वजन कार्डावरच्या आकड्यापाशी येऊन पोचेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी तिला इथं केळी खाऊ घालायचे, लोणी लावून पाव खाऊ घालायचे, दोन-दोन वेळा. आकडा गाठायला. पाचव्या महिन्यात अठरा होतं. सहाव्यात सतरा."

"आणि तू तेवीस लिहिलंस. खाली फूल काढलंस."

"तिनं सांगितलं, फूल काढ."

चौकातल्या घड्याळानं पाचाचे टोले दिले.

"मला दिसत होतं, ताई. आंघोळ घालताना पाठीचे मणके हाताला लागायचे. मोजता आले असते. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, कार्ड बघ की, वाढतेय, उंच होतेय म्हणून बारीक दिसते. आणि आता हेच मला विचारतात, तू आई ना, तुला डोळे नव्हते? रोज विचारत नाहीत. जेवताना घास हातात धरून बघत बसतात, तेव्हा मला कळतं काय विचारतायत ते. होते मला डोळे. मी ते मिटले आणि तुझं कार्ड वाचलं."

"मोठे डॉक्टर काय म्हणाले होते? आधी नेलं असतं तर..."

"ते एवढंच म्हणाले. 'आधी आणलं असतं तर.' पुढचं त्यांनी पुरं केलं नाही, आणि मी विचारलं नाही. कारण माझ्या मते मी आधी आणलंच होतं. वजन चढत होतं ना माझ्या पोरीचं!"

मावशी जवळ गेली. "मार मला. खरंच मार. ओरड, शिव्या दे, त्या सेक्रेटरीला सांग, सगळ्या गावाला सांग. पण अशी बसू नकोस."

धाकटी उठली. मावशीच्या बाजूनं, तिला धक्का न लावता, ती काट्यापाशी गेली. पारड्याची साखळी धरली आणि फळीवर जाऊन बसली. पाय जमिनीवरून सुटले.

"तोल."

"आत्ता?"

"तोल मला. आणि खरं सांग."

मावशीला धाकटीचं वजन पाठ होतं. मुंगीच्या शेवटच्या वाढदिवसाला तिनं हट्टानं आईलाही पारड्यात बसवलं होतं, तेव्हा छप्पन्न भरलं होतं. "माझे पण दोन कमी कर गं," असं धाकटी तेव्हा म्हणाली होती का, हे मावशीला आठवेना. तिनं वीसची दोन ठेवली, दहाचं एक ठेवलं. वजनांचं पारडं धाडकन खाली गेलं आणि धाकटी वर उचलली गेली. मावशीनं दहाचं वजन काढलं. पाचचं ठेवलं. तेही जास्त झालं. तेही काढलं. दोनचं ठेवलं. मग एकचं. दांडी सावकाश आडवी झाली.

ती दोन पावलं मागे सरली. हात पाठीशी बांधताना ते एकमेकांना सापडेनात.

"त्रेचाळीस," ती पुटपुटली.

"बाबांसारखं. मोठ्यानं."

"त्रेचाळीस!"

तिचा आवाज मध्येच फाटला. तरी तो छपरापर्यंत गेला, कमानीतून बाहेर गेला. चौकात कुलूप लावत असलेल्या साबणवाल्यानं वळून पाहिलं आणि परत कुलपात किल्ली फिरवली.

धाकटी साखळ्या धरून तशीच बसून राहिली. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलं होतं. आठ महिने रोज चौकापलीकडून ही खिडकीत बसलेली दिसत होती, आणि त्या काचेआडचा चेहरा मावशीनं एकदाही नीट पाहिला नव्हता. पाहायची हिंमतच झाली नव्हती.

"अगं, तू जेवतेस की नाही?" मावशी म्हणाली. मग ती भरभर बोलायला लागली, शब्दावर शब्द घालत. "मी डबा आणते. उद्यापासून आणते. तू माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. तिकीट-खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी निघून जाईन. संध्याकाळी रिकामा डबा तिथंच ठेव. नको असेल तर भरलेलाच ठेव. तरी मी परत आणेन. आणू ना? धाकटे, आणू का गं?"

पारडं टेकवायला मावशीनं ठोकळा पुढे केला, त्याची वाट न बघता धाकटीनं फळीवरून खाली उडी घेतली. वजनांचं पारडं दाणकन फरशीवर आपटलं, त्यातलं एक किलोचं वजन घरंगळत चौथऱ्याखाली गेलं. धाकटीनं पर्स उचलली, पट्टा खांद्यावर नीट केला, आणि हिंदकळणाऱ्या रिकाम्या पारड्याला वळसा घालून, कमानीखालून, ती चौकात निघून गेली.